सातवीला सांभाळ

बाई पडल्या. चौतीस वर्षं दिवसातून चार वेळा ज्या जिन्यानं चढल्या-उतरल्या त्याच जिन्यावर, सकाळी पावणेदहा वाजता, काखेत प्रुफांचा गठ्ठा आणि डोक्यात भांडणाची पूर्ण तयारी असताना पडल्या. खरी गडबड सातव्या पायरीवर झाली. सातवीला पाय जरा जास्त उचलायचा, हे बाईंपेक्षा बाईंच्या पायाला जास्त पाठ होतं. पाय उचलला, पुढे टाकला, आणि जिथं पायरी असायला हवी तिथं ती नव्हती. पाऊल खाली आपटलं, धक्का टाचेतून निघाला तो थेट अक्कलदाढेपर्यंत गेला. तेवढ्यातून सावरतात न सावरतात तोच आठवीला अंगठा ठेचकाळला आणि बाई दोन्ही हातांवर. प्रुफं जिनाभर. पहिल्या वर्षाच्या दोन मुली धावत आल्या, कागद गोळा केले, "लागलं का मॅडम?" म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "लागलं. पण तुम्ही तासाला जा." मुली गेल्या. बाई तिथंच बसल्या आणि सातवीकडे बघत राहिल्या. तिच्या माथ्यावर ताज्या सिमेंटचा गुळगुळीत पट्टा होता. कोणीतरी सातवी तासली होती.

ज्यांना हे विद्यापीठ ठाऊक नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पायरी उंच होती, सरळ केली, बरं झालं की! पण इथं पहिल्या दिवशी प्रत्येक नवा विद्यार्थी सातवीला ठेचकाळायचा, वर कठड्याशी उभी असलेली जुनी मुलं टाळ्या वाजवायची, आणि त्या ठेचेनंतरच तो इथला व्हायचा. इथून शिकून गेलेली माणसं जगाच्या पाठीवर कुठंही भेटली तरी निरोप घेताना एकमेकांना म्हणायची, "सातवीला सांभाळ." सगळ्या पायऱ्या सोळा सेंटिमीटर, ही एकटी सतरा. हे विद्यापीठ काय आहे असं कोणी विचारलं तर बाईंनी ना प्रयोगशाळा दाखवल्या असत्या ना पेटंटांची यादी. त्या म्हणाल्या असत्या, जिना चढून ये.

बाईंनी पिशवीतून पोलादी फूटपट्टी काढली. तंत्रविद्यापीठात ड्रॉइंग शिकवणारी बाई एक वेळ डबा विसरेल, फूटपट्टी विसरायची नाही. सातवीला लावली, एकापासून. आकडा आला सतरा, एक वजा, सोळा. म्हणजे एक सेंटिमीटर अगदी बरोबर काढला होता, करणाऱ्याचा हात साफ होता. मग ठेचकाळला तो अंगठा कशाला? बाईंनी आठवीला पट्टी लावली. अठरा, एक वजा, सतरा. आणि बाईंना भर जिन्यात, एकट्यानं, मोठ्यानं "अरे देवा!" म्हणावंसं वाटलं, आणि त्या म्हणाल्याही. सातवीचा माथा खाली गेला, आठवीचा जागच्या जागी राहिला. शहाण्यांनी सातवीची चूक काढून आठवीत घातली होती. दीड हजार इंजिनियर रोज ज्या इमारतीत येतात-जातात, तिथं एकालाही हे आधी सुचू नये? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि अंगठाही ठणकत होता.

एकापासून मोजणं ही तर इथली दुसरी खोड. पट्टी कितीही कोरी करकरीत असो, इथला माणूस शून्यापासून मोजत नाही. एकाच्या रेघेवर टोक धरतो आणि शेवटी एक वजा करतो. आखायचं असलं तर उलट, एक मिळवतो. दुसरीकडची माणसं हसतात. यामागे काही शास्त्र असेल असं धरून एका पाहुण्या प्राध्यापकानं चर्चासत्रात प्रश्नही विचारला होता. शास्त्र कसलं! इथली सगळ्यात पहिली पोलादी पट्टी एकच होती, आणि बाईंच्या बाबांनी तिच्या टोकानं रंगाचे डबे उघडून उघडून शून्याची बाजू झिजवून टाकली होती. नवी घ्यायला ऐपत नव्हती. मग बाबांनी मुलांना एकापासून मोजायला लावलं. साठ वर्षं झाली, पट्टी कधीच गेली, खोड राहिली. बाईंनी हे सगळं पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि ते प्रकरणच आता काखेतल्या गठ्ठ्यात लाल पेनाच्या एका तिरक्या रेघेखाली मरून पडलं होतं. रेघेशेजारी बारीक, सुबक, छापल्यासारखं अक्षर होतं: अप्रस्तुत.

विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली म्हणून ग्रंथ काढायचं ठरलं आणि लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, कारण बाईंची निवृत्ती जवळ आलेली आणि बाईंना नाही म्हणता येत नाही. दोन वर्षं खपून त्यांनी दहा प्रकरणं लिहिली. पहिलं प्रकरण होतं शेडचं. सनद मिळण्याआधी दहा वर्षं, बाटल्यांच्या जुन्या वखारीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कारखान्यातला एक फिटर पाळी संपली की संध्याकाळी मुलांना कानस धरायला शिकवायचा. लोखंडाचा एकेक ठोकळा द्यायचा आणि सांगायचा, सहाही बाजू सपाट कर, सगळे कोपरे काटकोनात आण, मग पुढचं बोलू. कोणाला तीन आठवडे लागायचे, कोणाला तीन महिने. पहिल्या वर्षी मुलं नऊ, दहाव्या वर्षी तीनशे. मग सरकारी माणसं आली, पाहणी झाली, सनद आली, आणि तंत्रविद्यापीठ झालं. तो फिटर म्हणजे बाईंचे बाबा, मुलांचे मास्तर. पण विद्यापीठ झालं तसे नियमही झाले, शिकवायला पदवी लागायला लागली, आणि बाबांकडे पदवी कुठली? मग ज्यानं हे सुरू केलं त्यालाच इथं कर्मशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. सोळा वर्षं बाबांनी, आपण ज्यांना शिकवलं त्यांच्या हाताखाली, हत्यारं मोजून दिली आणि मोजून घेतली. आई चिडायची. आई म्हणायची, "झाड लावलं कोणी आणि सावलीत बसलंय कोण! अहो, एकदा तरी बोला की!" बाबा बोलायचे नाहीत. बाबांचं न बोलणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज होता, असं बाई पुढे मैत्रिणींना सांगायच्या आणि हसायच्या. पण खरं म्हणजे त्यांना त्याचा फार राग यायचा. सोसणाऱ्या माणसाजवळ राहणाऱ्यांना त्याच्या वाट्याचंही चिडावं लागतं, आणि ते काम आईनंतर बाईंकडे आलं होतं.

त्यातून रेघ मारणारा कोण, तर मायक्रॉन. ग्रंथसमितीचे अध्यक्ष, मोजमापशास्त्रातलं मोठं नाव, विद्यापीठाचे मानद प्राध्यापक, अडुसष्ट वर्षांचे, आणि बाबांच्या शेडमधल्या शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी. केसाच्या सत्तराव्या भागाइतकी चूकही त्यांना खपत नाही म्हणून हे टोपणनाव. समितीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, "विद्यापीठाचा इतिहास सनदेपासून सुरू होतो. त्याआधी होती ती शिकवणी." शिकवणी! बाई त्या दिवशी चहा न पिता उठल्या होत्या. आणि हे काही आजचं नव्हतं. बाईंची बढती अकरा वर्षं अडली तेव्हा निवड समितीवर मायक्रॉन होते. चौतीस वर्षांत हा माणूस बाईंच्या खोलीत एकदाही आला नव्हता, समोरून येताना दिसला तर सूचना फलकापाशी थांबून जुन्या सूचना वाचत बसायचा. फिटरच्या पोरीनं आपल्या पंक्तीला बसावं हे याला सोसत नाही, असा हिशेब बाईंनी फार पूर्वी मांडून ठेवला होता आणि त्यात त्यांना कधी चूक दिसली नव्हती. आता छापखान्याचा माणूस पाच वाजेपर्यंत थांबणार होता. पाचच्या आत मायक्रॉनची सही घेऊन प्रकरण परत आत गेलं नाही, तर बाबा कायमचे गेले. एकदा गेलेच होते चौदा वर्षांपूर्वी, आता छापून जाणार होते.

गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, पहिलं प्रकरण काढलं तर दुसरं उभंच राहत नव्हतं. दुसऱ्याची सुरुवात होती, 'शेड अपुरी पडू लागली.' कुठली शेड? म्हणून काल संध्याकाळी बाईंनी ते वाक्य काढून बघितलं. मग तिसऱ्यात ठोकळ्याची परीक्षा आली, ती कुठून आली? ती काढली. मग चौथ्यात एकापासून मोजणं आलं. काढत काढत त्या सातव्या प्रकरणापर्यंत गेल्या आणि पेन फेकून दिला. आत्ता आठव्या पायरीवर अंगठा चोळत बसलेल्या असताना त्यांना ते आठवलं, आणि त्या लंगडत, कठडा धरून, मायक्रॉनच्या प्रयोगशाळेकडे निघाल्या.

ती प्रयोगशाळा म्हणजे एक वेगळंच संस्थान. आत कायम वीस अंश तापमान, उन्हाळा असो की हिवाळा, कारण लोखंड तापलं की वाढतं आणि माप चुकतं. चपला बाहेर काढायच्या. दार उघडं ठेवायचं नाही. मायक्रॉन पांढरा कोट घालून, पायात नुसते मोजे, टेबलाशी काहीतरी पुसत बसले होते. बाईंना बघून ते उठले, आणि नजर त्यांनी सवयीनं भिंतीवरच्या तापमापकाकडे नेली.

"बसा मॅडम."

"बसायला नाही आले. पडून आलेय."

"पडलात? कुठं?"

"जिन्यात. पायरी कोणाच्या आदेशानं तासली, सर?"

"माझ्या," मायक्रॉन म्हणाले. "रविवारी. गवंड्याजवळ स्वतः उभा होतो. एक सेंटिमीटर, ना कमी ना जास्त." बोलताना त्यांचा आवाज किंचित वर गेला होता. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काही कौतुकानं सांगतो आहे, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या आणखी भडकल्या.

"का पण? पन्नास वर्षं कोणाचं काय घोडं मारलं होतं त्या पायरीनं? आधी बाबांचं प्रकरण काढलंत, मग पायरी. आता राहिलं काय? मी. माझी तर अजून चार महिने नोकरी आहे, तेवढं तरी थांबा!"

मायक्रॉननी फडकं घडी करून ठेवलं. पुन्हा उलगडलं. पुन्हा घडी केली. "मॅडम, आता पुरे," ते म्हणाले. "तुम्हाला सगळं माहीत आहे आणि मला ते माहीत आहे. चौतीस वर्षं तुम्ही माझ्याकडे त्या नजरेनं बघताय. जिन्यात भेटलात की आधी माझ्या पायांकडे बघता. मला कळत नाही का? आणि शेवटी लिहिलंतच." त्यांनी बाईंच्या हातातल्या प्रुफांचं पान उलटलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. ते वाक्य होतं, 'जिन्याच्या पायऱ्यांचे साचे मुलांनी स्वतः केले, आणि सातव्या पायरीचा साचा कोणाचा होता हे मास्तरांना ठाऊक होतं.'

"मग? होतंच ठाऊक."

"मग पुढचं वाक्य का नाही लिहिलंत? मी रोज वाट बघतोय पुढच्या वाक्याची!"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आपल्या वयाला, हुद्द्याला आणि पांढऱ्या कोटाला न शोभणारं काहीतरी या माणसाच्या चेहऱ्यावर आलं होतं. शेडमध्ये बाबांच्या पुढ्यात ठोकळा ठेवून उभ्या राहणाऱ्या मुलांचे चेहरे असे असायचे. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. शाळा सुटली की शेडमध्ये खोक्यावर बसून पाढे पाठ करायच्या, आणि बाबा पट्टी लावेपर्यंत प्रत्येक मुलगा श्वास धरून असायचा. बाबा पट्टी उचलायचे, ठोकळा परत द्यायचे. एवढंच. रागावणं नाही, शाबासकी नाही.

"सर," बाई सावकाश म्हणाल्या, "मला काही माहीत नाही. बाबांनी मला काही सांगितलेलं नाही."

"असं कसं होईल? घरी बोलले असतीलच ना?"

"घरी? बाबा? अहो, बाबा भाजीत मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत! आई तोंडात घास घ्यायची तेव्हा कळायचं आम्हाला! 'साचा कोणाचा ते मला ठाऊक आहे,' एवढं एकदा म्हणाले होते, तेही तापात. मी विचारलं, कोणाचा? तर कूस बदलून झोपले. पुढचं वाक्य मला कुठून येणार?"

तापमापकावर वीस होते. मायक्रॉन खाली बसले.

"साचा माझा होता," ते म्हणाले.

मग ते सांगत गेले, बाईंकडे न बघता, टेबलाच्या कडेला सांगावं तसं. सनद आली, इमारत उभी राहत होती, मजूर कमी पडले म्हणून जिना मुलांनी करायचा ठरला. एकेकाला एकेका पायरीचा लाकडी साचा करायचा होता. मास्तरांनी फळ्यावर उंची लिहिली, सतरा. म्हणजे पायरी सोळाचीच, पट्टीचं झिजलेलं टोक लक्षात घेऊन मास्तरांनी एक आधीच मिळवला होता. बाकीच्या मुलांनी मुकाट्यानं सतराच्या रेघेवर कापलं. "पण मी हुशार ना! मला वाटलं, बाकीचे विसरतायत. मी आणखी एक मिळवला. एकट्यानं. आणि वर सगळ्यांकडे बघून हसलोही." साचे काढले तेव्हा मास्तरांनी एकेका पायरीला पट्टी लावली. सातवीला लावली, उचलली, आठवीकडे गेले. मुलं म्हणाली, फोडू या. मास्तर म्हणाले, "राहू दे. पाय शिकतील." साचे सगळे सारखे, कोणावर कोणाचं नाव नव्हतं, पण मास्तरांना लाकडावरच्या करवतीवरून हात ओळखता यायचा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांना बोलावलं आणि पट्टी हातात दिली. म्हणाले, "आजपासून मोजमापाचं तू बघायचं."

"पन्नास वर्षं विचार करतोय," मायक्रॉन म्हणाले, "ती शिक्षा होती की विश्वास होता? विचारायचं धाडस झालं नाही. मग मी मोठा झालो आणि मास्तर मला हातोडी मोजून देऊन वहीत सही घ्यायला लागले, तेव्हा तर तोंडच उरलं नाही. ते रिटायर झाले त्याच वर्षी तुम्ही आलात. तुमच्यासमोर बसायला मला... त्या बढतीच्या वेळी मी विरोध केला नव्हता मॅडम. मी बैठकीलाच गेलो नाही. तीनदा. कोरम होईना."

बाईंना एकदम रडू आलं आणि त्या रडू आल्याच्या रागानं ओरडल्या, "अकरा वर्षं! एका सेंटिमीटरसाठी माझी अकरा वर्षं! आणि मी काय काय समजत बसले! मला वाटलं, फिटरची पोरगी म्हणून..." किती संध्याकाळी त्यांनी या माणसाला मनातल्या मनात फाडून खाल्लं होतं. आणि बाबा, बाबा तुम्ही तरी! याच्याशी दोन शब्द बोलला असतात, माझ्याशी एक बोलला असतात, तर दोघं माणसात राहिलो असतो. तुमचं मौन तुम्हाला शोभलं, पण त्याचं ओझं आम्ही वाहिलं की हो! एवढं संतापूनही बाईंना बाबांचा हात डोळ्यांसमोर दिसत होता, सातवीवरून पट्टी उचलून शांतपणे आठवीकडे जाणारा, आणि त्या हाताचा त्यांना राग काही केल्या येईना.

नाक पुसून त्या म्हणाल्या, "आणि आठवीचं काय?"

"आठवीचं काय?"

"सातवीचा माथा एक सेंटिमीटर खाली आणलात. आठवीला हात लावला का?"

"नाही. आठवी बरोबरच..." मायक्रॉन थांबले. त्यांनी एक तळहात हवेत आडवा धरला, दुसरा त्याच्या वर धरला, खालचा किंचित खाली नेला. मग वरच्या हाताकडे बघत राहिले. केसाचा सत्तरावा भाग मोजणाऱ्या त्या माणसाच्या कपाळावर वीस अंशांत घाम आला.

"सतरा," ते अगदी हळू म्हणाले. "मग आठवी तासली तर..."

"नववी."

"नववी तासली तर..."

"दहावी. तासत जा वरपर्यंत. वर गच्ची आहे."

मायक्रॉन उठले आणि तसेच, मोज्यांवर, दार सताड उघडं टाकून बाहेर पडले. असं त्या प्रयोगशाळेत कधी घडलं नव्हतं. बाई प्रुफं घेऊन मागे. जिन्यापाशी येऊन ते खाली उतरले, वळले आणि विद्यार्थ्यासारखे मोजत चढू लागले. सातवीला त्यांचाही पाय हवेत जास्त उचलला गेला आणि खाली आपटला. आठवीला बोटं ठेचकाळली. पायात बूट नव्हते, चांगलंच लागलं असणार. ते तिथंच बसले, पाऊल हातात धरलं, आणि हसायलाच लागले. बाईंनी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. "आणा ते इकडे."

बाईंनी प्रूफ दिलं. मायक्रॉननी मांडीवर ठेवलं, खिशातून लाल पेन काढला आणि आपल्याच तिरक्या रेघेखाली, प्रूफ तपासताना करतात तशी, टिंबांची ओळ घातली, ओळीत किती टिंबं ती मोजत असल्यासारखी, सारख्या अंतरानं. समासात लिहिलं, 'राहू द्या.' लिहून झाल्यावर ते त्या शब्दांकडे बघत राहिले. मग 'हे मास्तरांना ठाऊक होतं' यापुढचा पूर्णविराम खोडला, स्वल्पविराम केला आणि 'तो माझा होता' असं लिहून पुढे आपलं पूर्ण नाव घातलं, पदव्या न लावता.

"नाव कशाला?" बाई म्हणाल्या. "बाबांनी नाही सांगितलं. तुम्हीही..."

"त्यांनी नाही सांगितलं म्हणून तर मला सांगायचंय." त्यांनी सही केली आणि गठ्ठा परत दिला. "पाचला किती अवकाश आहे?"

"पुष्कळ. बूट घाला आधी."

तेवढ्यात घंटा झाली. अकराच्या तासाची मुलं खालून लोंढ्यानं चढायला लागली. बाईंना आठवलं, दर वर्षी पहिल्या दिवशी बाबा या जिन्याच्या तोंडाशी खाकी सदऱ्यात उभे असायचे. आयुष्यभर न बोलणारा माणूस तेवढा एक दिवस येणाऱ्या प्रत्येकाला 'सातवीला सांभाळ' एवढे दोनच शब्द म्हणायचा, आणि मुलांना वाटायचं, कोणी शिपाई आहे. मायक्रॉन उठले. पांढरा कोट, पायात मोजे, एक अंगठा वर धरलेला. कठड्याला टेकून ते उभे राहिले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं बघून मुलं बिचकली, पुढची थांबली, मागची त्यांच्यावर आली.

"आठवीला सांभाळा रे!" मायक्रॉन ओरडले. मग पुन्हा म्हणाले, "आठवी एकानं उंच आहे. साचा माझा आहे."

मुलांना काही कळलं नाही. पुढचे तिघं ठेचकाळलेच.